नळाचं पाणी

डब्याचं झाकण कधीच सरळ निघत नाही. चमच्याचं टोक खालून घालून चार ठिकाणी उचकटावं लागतं, मग ते एकदम सुटतं. आतून वास येतो तो वेखंडाचा. निदान मला तरी वेखंडाचा येतो, घरातली बाकीची म्हणतात गंजाचा. बिस्किटांचा जुना गोल डबा आहे, वरचं चित्र केव्हाच पुसून गेलंय. आज सकाळी मी तो माळ्यावरून काढला, कारण माझ्या भाचीला, अनघाला, पहाटे मुलगी झाली आणि मला गंगापूर रोडच्या दवाखान्यात तिला भेटायला जायचं होतं.

विळ्याच्या पात्याचा एक तुकडा, बँडेजमध्ये गुंडाळलेला. वेखंडाची दोन कांडं. काळ्या दोऱ्याचं रीळ. मेणबत्तीचं थोटूक. एक छोटं होकायंत्र, ज्याची सुई हल्ली जिथं थांबेल तीच दिशा. आणि औषधाची एक रिकामी बाटली, बुचाची, तळाशी पांढरा थर बसलेली. बाटली माझी. बाकी सगळा डबा एस्तेरबाईंचा.

मी देवळ्याहून नर्सिंग शिकायला नाशिकला आले तेव्हा सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी शिकले त्या दवाखान्याची दगडी इमारत आता नाही, तिच्या जागी गाड्या उभ्या असतात. पण त्या बाजूनं रिक्षा गेली की माझ्या नाकात आपोआप फिनेल येतं, मागोमाग स्पिरिट, आणि त्यामागून आवारातल्या चिंचेखाली नातेवाइकांनी पेटवलेल्या चुलींचा धूर. तीन दगडांवर भाकऱ्या भाजत असायच्या. लासलगावकडून आलेल्या माणसांच्या कपड्यांना कांद्याचा वास असायचा, तो मला माहेरचा वाटायचा, आणि वाटतोय म्हणून लाजही वाटायची. दुपारी आम्ही पोरी व्हरांड्यातल्या उन्हात बसून गॉजच्या घड्या घालायचो. आत स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या, भांड्याला लागून खुळखुळायच्या. टोपीला मी भाताच्या पेजेची खळ घालायचे, त्यामुळे एकदा मुंग्या लागल्या होत्या.

एस्तेरबाई आमच्या सीनियर सिस्टर. शरणपूरच्या वस्तीत वाढलेल्या, उंच, सावळ्या, रविवारी सकाळी प्रार्थनेला जाऊन आल्या की अकरापासून ड्यूटीवर. पाठमोऱ्या असतानाही कुणाची टोपी वाकडी आहे हे त्यांना कळायचं. पण त्यांचा खरा गुण किंवा अवगुण म्हणजे चौकसपणा. माणूस खाटेवर पडला रे पडला की नाव, गाव, दुखणं विचारून झाल्यावर त्या एक खुर्ची ओढायच्या आणि विचारायच्या, “तुमच्याकडं कसं करतात?” बाळ झाल्यावर कसं करतात, नाळ कुठं टाकतात, पहिलं दूध देतात की पिळून टाकतात, उशाशी काय ठेवतात, माणूस जायला लागला की कुणी जवळ बसायचं. असं काहीही. लोक आधी बिचकायचे. नाशिकात हा प्रश्न बहुतेक वेळा जात काढायला विचारतात, त्यामुळे समोरचा सावध व्हायचाच. पण बाईंच्या चेहऱ्यावर असं कुतूहल असायचं की माणूस नकळत बोलू लागायचा. ती माया होती की नुसतीच खोड, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

डबा त्या प्रश्नातून भरत गेला. आमच्यासारख्या शेतकरी घरांतल्या बायका पाचव्या दिवशी पाचवीपुढं विळा मांडतात, पण दवाखान्यात विळा आणणार कोण? बाईंनी मोडक्या विळ्याचा तुकडा बोथट करून, उकळून, बँडेजमध्ये बांधून ठेवला होता. तो उशीखाली असला की बाळंतीण निवांत झोपायची, आणि बाई म्हणायच्या की त्या झोपेची गोळी कुठल्या कंपनीकडं मिळत नाही. जुन्या नाशकातले एक आजोबा नातवाच्या कानात अजान द्यायला आले, तर पुरुषांना लेबर रूममध्ये बंदी. बाई बाळाला फडक्यात घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि आजोबांना म्हणाल्या, मी बाहेर येत नाही, तुम्ही आत येऊ नका, कान मधे आहे. आजोबांची अजान संपल्यावर बाईंनी आधी उजवाच कान का, हे विचारून घेतलं. होकायंत्र त्यानंतर डब्यात आलं, नमाजाला आणि शेवटच्या घटकेला कुणाची खाट पश्चिमेकडं फिरवायची झाली तर. पेठच्या डोंगरातून आलेल्या एका सासूला सुनेची वार घरी नेऊन दाराशी पुरायची होती. म्हणजे पोर घराला धरून राहतं, असं ती सांगत होती. नियमाप्रमाणं वार दवाखान्यातच पुरायची. बाईंनी ती रबरी कापडात घट्ट बांधून, टोपलीत ठेवून, वर आंब्याचा पाला घालून दिली. ती एस.टी.नं पेठला गेली. कंडक्टरला त्या पाटीत काय वाटलं असेल, याचा विचार करत आम्ही पोरी आठवडाभर हसत होतो.

मी हे सगळं बघत होते, हसत होते, पण शिकत नव्हते. मला वाटायचं, विचारायचं ते इतरांना. आपल्यासारख्यांचं तर आपल्याला माहीतच असतं.

आता बाटलीचं सांगते. माझे वडील कांद्याच्या वावरात बांधावरच कोसळले होते. मी तेव्हा तेरा वर्षांची. गाडी जुंपून देवळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेलेले होते. त्यानंतर वर्षभर आई एकच वाक्य बोलायची, आमच्याकडच्या बोलीत. “त्यास्ले घोटभर पानीबी नई भेटनं.” माणूस गेला याच्यापेक्षा तो कोरड्या तोंडानं गेला याचं दुःख तिला मोठं होतं. मग मीही मनाशी धरलं होतं की माझ्यासमोर कुणी कोरड्या तोंडानं जायचं नाही. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पहिल्याच सुट्टीत मी रामकुंडावरून ही बाटली भरून आणली, हॉस्टेलच्या कुंडीतल्या तुळशीची दोन पानं खिशात ठेवायला लागले, आणि स्वतःवर फार खूश होते.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीलगतच्या खाटेवर पगारेबाबा होते. मनमाडचे, रेल्वेत गँगमन. रुळांवर हातोडा मारून आवाज ऐकत मैलोन् मैल चाललेला माणूस. त्यांना सवयच लागली होती, जे हाताला येईल त्यावर नखानं टिचकी मारून ऐकायची. खाटेचा पाय आतून गंजलाय हे त्यांनी आम्हाला आवाजावरून सांगितलं, आणि पुढल्या आठवड्यात तो खरंच वाकला. दुखणं पोटाचं होतं आणि बरं होणारं नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, गयाबाईंनाही ठाऊक होतं. भिंतीवर खिळा नव्हता म्हणून गयाबाईंनी बाबासाहेबांचा लहानसा फोटो खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधला होता. तो फोटो मी रोज पाहत होते. पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

एका दुपारी गयाबाई धुणं घेऊन आवारातल्या नळावर गेल्या होत्या. बाबांची शुद्ध हरपली. नाडी हाताला लागेना, श्वास लांबायला लागला. मी डॉक्टरांना बोलवायला आयाला पळवलं, आणि मग मला आई आठवली. बाटलीचं बूच काढलं, बाबांच्या तोंडात दोन थेंब सोडले, जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. माझे डोळे भरून आले होते. किती बरं वाटलं मला त्या क्षणी, तेही सांगते, कारण तेच सगळ्यांत लाजिरवाणं आहे.

गयाबाई ओल्या हातानं आत आल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या बाटलीकडं पाहिलं. पदराच्या टोकानं त्यांनी ते पान बाबांच्या जिभेवरून उचललं.

“शिष्टर, हे काय केलं तुम्ही?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दीक्षा घेतली तवा यांनी घरातले सगळे देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं त्यापायी. येवढंच म्हणायचे, मी बेसुद असलो तरी मला तसलं काय करू देऊ नको. अन् मी धुणं धुवत बसले.”

त्या मला ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी दोष स्वतःकडं घेतला.

आणि पगारेबाबा गेले नाहीत. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत बाबांनी डोळे उघडले. गयाबाईंनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन गेले तर त्यांनी ओठ मिटून घेतले. रागानं नाही, शांतपणे, मान खिडकीकडं वळवून. दुसऱ्या मुलीच्या हातून त्यांनी गोळी घेतली, पाणी प्याले. माझ्या हातून नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शेजारच्या खाटेवरचा लासलगावचा शेतकरी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटला की आता ह्यांना आमच्या हातचं चालेना. कुणीतरी हसलं.

खोटं कशाला बोलू, मलाही आधी रागच आला. मी काय वाईट केलं होतं? पण रात्रपाळीच्या मुलीला चार्ज देऊन हॉस्टेलकडं चालत जाताना मला आमचं देवळ्याचं अंगण दिसायला लागलं. पगारेबाबांच्या समाजातली माणसं कामाला आली की आमची काकू त्यांना पाणी वरून ओतायची, ओंजळीत, भांड्याचा स्पर्श होऊ न देता. ती ओंजळ तोंडाशी धरून खाली वाकलेली मोठी माणसं. मी लहान होते, मला ते पाणी पिणं मजेचं वाटायचं, मीही तसं पिऊन बघायचे. त्या आठवणीवर मी कधी थांबले नव्हते. त्या दिवशी रस्त्यात उभी राहिले.

एस्तेरबाईंना सगळं कळलेलं होतं. मी रडतच त्यांच्याकडं गेले. त्या गॉज कापत होत्या, कापतच राहिल्या. मी म्हटलं, सिस्टर, मी चांगल्या मनानं केलं. त्या म्हणाल्या, हो, पाणीही चांगलंच होतं, तू विचारलं नव्हतंस. मी म्हटलं, ते शुद्धीत नव्हते, विचारणार कसं? तेव्हा मात्र त्यांनी कात्री खाली ठेवली.

“त्याआधी चार दिवस शुद्धीत होते ना? तेव्हा काय विचारलंस त्यांना? शौचाला झाली का, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी मी पेला न घेता गेले. बाईंसारखी खुर्ची ओढली. ती फरशीवर करकरली आणि सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. मी बाबांची माफी मागितली. मग मी विचारलं, “बाबा, तुमच्याकडं कसं करतात?”

त्यांनी पहिल्यांदा मान माझ्याकडं वळवली.

“आमच्याकडं कसं करत्यात, हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाय,” ते म्हणाले. “आमचं काय करायचं ते कायम दुसरीच माणसं ठरवायची. कुठं राहायचं, कुठलं पाणी प्यायचं. मरताना तरी आपलं आपण ठरवावं म्हणून देव सोडले मी. अन् तू त्याच देवाचं पाणी घातलंस.” मग म्हणाले, “पण विचारलंस. लिहून घे.”

तापाच्या जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहून घेतलं. पांढरे धुतलेले कपडे. फोटोसमोर मेणबत्ती. त्रिशरण आणि पंचशील, तेही शब्दन् शब्द, त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. पाली भाषा माझ्या कधी कानावरूनही गेली नव्हती. रोज दुपारी वॉर्ड पेंगत असताना मी ते त्यांना म्हणून दाखवायचे आणि चुकले की ते खाटेच्या लोखंडावर टिचकी मारायचे. गंजलेल्या ठिकाणी मारायचे, म्हणजे आवाज बद्द यायचा. मला ते म्हणताना फार उत्सुकता वाटायची, खरं तर चवच लागायची त्या शब्दांची. पाचही शीलांतले शब्द एकाच चालीनं येऊन कुठं वळतात, मधेच कुठला शब्द बदलतो, हे शोधायला मला आवडायचं. लासलगावच्या शेतकऱ्यानं एकदा विचारलं, बाई, तुम्ही बाटल्या काय? मी म्हटलं, नाही, अभ्यास करतेय. बाबा पोट धरून हसले, आणि हसल्यामुळं त्यांना दुखलं.

पण पाणी ते माझ्या हातून अजूनही घेत नव्हते. शिकवणं वेगळं आणि पाणी वेगळं. मी रोज पेला घेऊन जायचे, तो खिडकीत ठेवायचे आणि परत यायचे. मला वाटायला लागलं होतं की हे आता असंच राहणार, आणि ते मी सहन करायला हवं.

नवव्या दिवशी सकाळी गयाबाई चुलीवर चहा करायला गेल्या होत्या. मी पेला ठेवून वळले, तर मागून आवाज आला.

“कुठलं पाणी हाय?”

मी गोंधळले. “नळाचं,” मी म्हटलं.

“नुसतं नळाचं?”

“नुसतं नळाचं, बाबा.”

त्यांनी हात पुढं केला. पेल्यावर नखानं टिचकी मारली, कान देऊन ऐकलं, आणि मग मी त्यांच्या मानेखाली हात घालून पेला ओठांना लावला. अर्धा पेला प्याले. मधे दम घ्यायला थांबले आणि परत प्याले. मी कितीतरी माणसांना पाणी पाजलं असेल त्यानंतर. इतकं भीत भीत कुणालाच नाही.

दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या सुमारास ते गेले. या वेळी गयाबाई जवळ होत्या. त्यांनी आदल्या दिवशीच धोतर आणि सदरा धुऊन, घडी घालून उशाशी ठेवला होता. एस्तेरबाईंनी डब्यातली मेणबत्ती आणली, त्यांच्या स्वतःच्या चर्चची, आणि गयाबाईंना दाखवून विचारलं, ही चालेल का. गयाबाईंनी मान हलवली. त्या त्रिशरण म्हणायला लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज बसला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तक्ता काढला नाही. मला पाठ झालं होतं. मी म्हणत गेले, एकदा चुकले, आणि टिचकीची वाट पाहिली.

बाटली खिशात होती. हात सारखा तिकडं जात होता. कोरड्या ओठांकडं बघवत नव्हतं, आईचा आवाज कानात होता. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभी राहिले. त्या दिवशी मी त्यांना काही दिलं नाही, आणि माझ्या नोकरीतलं सगळ्यांत कठीण काम तेच होतं.

संध्याकाळी मी ती बाटली मोरीत ओतायला निघाले होते. एस्तेरबाईंनी हातातून घेतली आणि डब्यात ठेवली. म्हणाल्या, पाण्याची काय चूक, ज्याला हवं असेल त्याला दे. पुढं ती कितीदा भरली आणि कितीदा रिकामी झाली, विचारून विचारून. आईच्या वेळी शेवटची झाली.

ऐंशीच्या दशकात कधीतरी एस्तेरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा डबा माझ्या हातात देऊन गेल्या. दोन-तीनदा मी त्यांच्या घरी जाऊन आले. व्हरांड्यात जास्वंद, आत तपकिरीचा वास, आणि त्यांचे तेच प्रश्न. वॉर्डात नवीन कोण आलंय, ते कसं करतात. त्या गेल्याचं मला आठवड्यानं कळलं. धावत गेले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यांना शेवटी कुठलं गाणं हवं होतं, कुणी जवळ बसायला हवं होतं, कशाची भीती वाटत होती, मला काहीच माहीत नव्हतं. ज्या बाईनं मला विचारायला शिकवलं तिला मी कधी विचारलं नाही. याचं वाईट वाटणं काही कमी होत नाही, डबा उघडला की परत येतं.

आज दवाखान्यात अनघाच्या खोलीत एक तरतरीत मुलगी आली, गुलाबी गणवेशातली, हातात फॉर्म. तिनं भराभर खुणा केल्या. त्यात एक रकाना होता, धार्मिक आणि सांस्कृतिक गरजा, आहेत किंवा नाहीत. तिनं मान वर न करता ‘नाहीत’वर खूण केली आणि पुढच्या ओळीला गेली. माझं डोकं तापलं. मी तिला आता एस्तेरबाई सांगणार होते, अथपासून इतिपर्यंत. सांगायला तोंडही उघडलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात पिशवीत आहे. डबा उघडलेला आहे. बाळाच्या पायाला बांधायला काळ्या दोऱ्याचा तुकडा मी रिक्षातच तोडून, गाठ मारून, बोटाला गुंडाळून ठेवलेला होता. वेखंडाचं कांडं उशीखाली जाण्याच्या तयारीत. सगळं चांगल्या मनानं.

मी तोंड मिटलं. ती मुलगी निघून गेली. मी खुर्ची ओढली, हिचा आवाजसुद्धा होत नाही, आणि अनघाला विचारलं, “बाळाला दोरा बांधायचा का ग? तुमच्याकडं कसं करायचं ठरवलंय?”

तिनं माझ्या बोटाकडं पाहिलं. तिला माझं मन मोडायचं नव्हतं, ते दिसत होतं.

“नको ना, मावशी,” ती म्हणाली. “आम्हाला तिला असलं काहीच बांधायचं नाही. तू रागावणार नाहीस ना? तू नुसती बस इथं. आणि थोडं पाणी दे.”

मी दोरा बोटावरून सोडवला, डब्यात टाकला. झाकण दाबून बसवलं. टेबलावर थर्मास होता, त्यात मीच सांगून ठेवल्याप्रमाणे ओवा घालून उकळलेलं पाणी होतं. शेजारी साधा जग. मी ग्लास उचलला आणि थांबले.

“कोमट की गार?”

“गार,” ती म्हणाली.

चाळीस वर्षांत मी एकाही बाळंतिणीला गार पाणी दिलेलं नाही. जग उचलला आणि दिलं.